लिंगाचं पाणी, लेकरांचं पाणी

गौरम्मांचा स्वभाव गोड होता असं कुणी सांगितलं, तर त्यानं त्यांना पाहिलेलंच नाही असं खुशाल समजा. उंबरदऱ्यात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि त्या दुकानात गूळ सोडला तर गोड असं काही नव्हतं, हे माझ्या वडिलांचं मत. मत ते घरात द्यायचे, दार लावून. दुकानासमोरून जाताना मात्र दोन्ही हात जोडून जायचे.

वडील म्हणजे अनंतराव मास्तर. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळेला मदरसा म्हणत, तपासणीला येणाऱ्या साहेबाला मोहतमीम म्हणत, आणि मोहतमीम येणार म्हटलं की अण्णा रात्रभर हजेरीपट तपासत बसत. नांदेडहून त्यांची बदली रेणापूरच्या पलीकडच्या ह्या लहानशा गावी झाली, तेव्हा मी नुकतीच पाटी धरायला शिकले होते. मास्तरांची मुलगी म्हणून मला मुलांच्या शाळेत बसवलं. माझ्याखेरीज शाळेत दुसरी एकच मुलगी होती, ती गौरम्मांची भाची शिवकांता. साहजिकच आमची गट्टी जमली.

गौरम्मांचं माहेर उदगीरकडचं. परकर-पोलक्यात लग्न होऊन त्या उंबरदऱ्याला आल्या आणि ऐन उमेदीत नवरा गेला. दीर-जावा त्यांना माहेरी धाडायची भाषा करू लागले, तेव्हा त्यांनी दुकानाच्या गल्ल्यावर जी बैठक मारली ती कुणाला हलवता आली नाही. पुढे भाऊ-भावजय एकाच पटकीच्या साथीत गेले आणि त्यांची तान्ही पोर आत्याच्या पदरात पडली. गौरम्मा तिला चारचौघांत फटकारायच्या, आणि दुकानात कुणी नसलं की मांडीवर घेऊन तिच्याशी हळू आवाजात कानडी बोलत बसायच्या. मला हे ठाऊक होतं, कारण त्यांच्या लेखी मी ‘कुणी’ नव्हते.

आता नारूबद्दल सांगायला हवं. हल्लीच्या मुलांना नारू म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेच बरं. पायावर आधी फोड यायचा, आग आग व्हायची. फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा. तो एका काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा ओढत राहायचं, घाई करायची नाही. ओढताना तुटला की पाय टम्म सुजायचा. गावात नारू झाला नाही असं घर नव्हतं. होळी झाली की एकेक मूल शाळेतून गळायला लागायचं. चैत्र-वैशाखात अण्णा मी, शिवकांता आणि पाटलाचा एक ढब्बू मुलगा एवढ्यांना पाढे शिकवत बसायचे. पुढे शिवकांताही यायची बंद झाली.

फोडाची आग शमवायचा गावाचा एकच उपाय होता. उंबरदऱ्याला मोठी पायऱ्यांची बारव होती, गौरम्मांच्या सासऱ्यांनी गाळ काढून, दगड बसवून नीट केलेली. दुखणाईत माणसानं बारवेत उतरायचं, खालच्या पायरीवर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचा. थंडगार पाणी लागलं की जिवाला आराम पडे. ह्याला ‘नारू थंड करणं’ म्हणत. आया लेकरांना कडेवर घेऊन उतरत, गौरम्मा शिवकांताला घेऊन उतरत. त्याच पाण्यात पलीकडच्या पायरीवरून बायका बिंदग्या, म्हणजे लहान घागरी, बुडवून घरी प्यायला नेत. ह्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मायेपोटी केलेल्या गोष्टीत वावगं कुणाला दिसतं?

त्या वर्षी शिवकांताच्या डाव्या गुडघ्याशी नारू निघाला आणि अर्ध्यातच तुटला. गुडघा सुजला, पिकला, आणि बरा झाला तेव्हा पाय निम्मा वाकलेलाच राहिला. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून शाळेत येऊ लागली. माझा खांदा दुखायचा. मी तसं तिला सांगितलंही, आणि मग आम्ही दोघी रडलो.

ह्याच सुमारास शेषेराव आले. मुलांना देवी टोचायला हे गृहस्थ तट्टावर बसून गावोगाव हिंडायचे, म्हणून त्यांना सगळे देवी-डॉक्टर म्हणत. डॉक्टर ते नव्हते, पण हैदराबादेच्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहिलेले होते. बोलणं मोजकं. त्यांनी शिवकांताचा गुडघा दाबून पाहिला आणि गौरम्मांना म्हणाले, “तेल चोळा, रोज चालवा. हळूहळू सरळ होईल. पण ह्या सांध्यात पुन्हा नारू आला, तर मग पाय सरळ होणार नाही. पोरगी जन्माची अधू होईल.”

एवढं बोलून ते तट्टाकडे निघाले. अण्णा त्यांच्या मागे धावले आणि तिथं उन्हात उभं राहून दोघांचं बोलणं झालं. घरी आले ते पेटूनच. नारूची पिल्लं पाण्यातून पोटात जातात. नारूचा पाय पाण्यात बुडला की नारू तिथंच पिल्लं सोडतो. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक किडे गिळतात आणि ते किडे आपण पितो. पाणी दुहेरी कापडातून गाळलं, आणि पाण्यात पाय घालणं बंद केलं, की संपलं. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आपण गाळू. पण गावाला सांगायला जाल तर जपून. बारव त्यांची आहे.”

अण्णांना जपून बोलायचं ठाऊक नव्हतं. भाषणाची त्यांना भारी हौस, आणि नांदेडला कुणी करू दिलं नव्हतं. त्यांनी चावडीवर गाव जमवला. काचेच्या बाटलीत बारवेचं पाणी घेऊन उन्हात धरलं. टुणटुण उड्या मारणारे बारीक ठिपके सगळ्यांनी पाहिले. पोलीस पाटील आप्पासाहेबांनी बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि परत दिली.

“पाण्यात जीव असायचेच, मास्तर,” ते म्हणाले. “चार पिढ्या हेच पाणी पिऊन राहिलो की आमी.”

“आणि चार पिढ्या नारूच काढून राहिलात,” अण्णा म्हणाले. “ही बारव नव्हे, ही नारूची खाण आहे.”

बायकांच्या बाजूनं गौरम्मा उठल्या.

“मास्तर, ती बारव माझ्या सासऱ्यानं दुरुस्त केली,” त्या म्हणाल्या. “तुमचं पाणी तुमी गाळा, न्हाईतर उकळून प्या. आमच्या बारवेला नावं ठेवू नका.” आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या मागून सगळा गाव निघून गेला. बाटली तेवढी अण्णांपाशी राहिली.

पण शाळेचा रांजण तरी गाळून भरायचा, म्हणून अण्णा दुसऱ्या दिवशी मांजरपाट घ्यायला गौरम्मांच्याच दुकानात गेले. दुसरं दुकानच नव्हतं. दुपारची वेळ होती, मीही बरोबर होते. गल्ल्यावर कुणी नव्हतं. आतल्या दारातून गौरम्मा दिसत होत्या. आंघोळ करून, ओलेत्यानं, तांब्याच्या कळशीवर पांढरंशुभ्र कापड दुमडून धरलं होतं आणि त्यावर सावकाश पाणी ओतत होत्या.

“हे कशाचं पाणी, गौरम्मा?” अण्णांनी विचारलं.

“पूजेचं.”

“गाळून घेता?”

“मग? लिंगावर काय तसंच वतू? त्यात जीव-जिवाणू असत्यात. आमच्यात चालत न्हाई.”

अण्णा त्या कापडाकडे बघत राहिले. तेवढ्यात शिवकांता पाय ओढत आली, दाराशी ठेवलेल्या रांजणात पेला बुडवला आणि घटाघटा पाणी प्यायली. तिच्या गळ्यात चांदीच्या लहानशा डबीतलं लिंग होतं. लिंगायताचं मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात, ते मरेपर्यंत काढायचं नसतं. पाणी पिताना ते रांजणाच्या काठाला लागून टकटक वाजलं.

“आणि हे?” अण्णा हळूच म्हणाले. “हे नाही गाळत?”

गौरम्मांनी रांजणाकडे पाहिलं, शिवकांताकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

“मास्तर, दुकान बंद झालं,” त्या म्हणाल्या. भर दुपारी त्यांनी आमच्या तोंडावर फळ्या लावल्या. अण्णा मांजरपाटाशिवायच परतले आणि आईनं आपलं जुनं लुगडं फाडून त्यांना दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रार्थनेला उभे होतो, तर गौरम्मा मांजरपाटाचा अख्खा तागा काखेत मारून शाळेच्या ओसरीवर येऊन उभ्या. डोळे सुजलेले होते. गाव म्हणतो त्या रडल्या नसतील, राग राग करून सुजले असतील. मी म्हणते, रडल्याच होत्या.

“लिंगाला दाखवल्याबिगर घास तोंडात घालायचा न्हाई, हे माझ्या आईनं मला शिकवलं,” त्या म्हणाल्या. “घास दाखवते. पाणी दाखवायचं इसरले. देवाला गाळून घातलं आन् देव जिच्या गळ्यात हाय तिला जंत पाजले. वर तिला घेऊन बारवेत बसले पाय बुडवून. म्हंजे साऱ्या गावाला मीच पाजले. बरोबर का, मास्तर?”

“एकट्या तुम्ही नाही, बाई. सगळ्यांनीच—”

“मला गोड बोलून समजावू नका. कापड फाडा.”

वर्गात लिंगायतांची मुलं होती तशी मराठ्यांची, धनगरांची आणि दोन-तीन मुसलमानांचीही होती. त्यांच्या गळ्यात लिंग नाही, मग त्यांचं काय, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. गौरम्मा वळल्या. “ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या पोटात बसतो. त्याला काय घाण पाणी चालतं व्हय?”

मग जे सुरू झालं, ते अर्धं शाळेत झालं आणि अर्धं बारवेवर. आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात, तसंच त्या गाळण्यालाही दस्ती नाव पडलं. प्रत्येक मुलानं आपापल्या दस्तीचे काठ शिवायचे आणि एका कोपऱ्याला लाल दोरा घालायचा. लाल दोरा दिसेल ती बाजू वर, म्हणजे किडे अडकलेली बाजू चुकून खाली जायची नाही. पाटलाच्या ढब्बूनं आपली दस्ती सदऱ्यालाच शिवून टाकली होती. रोज शाळा भरली की आधी दस्ती दाखवायची, धुतलेली आणि वाळलेली. घरात मास्तरांचं कुणी ऐकलं नसतं. पण स्वतःचं लेकरू बिंदगीसमोर फतकल मारून “दस्ती लावल्याबिगर वतू नको” म्हणून भोकाड पसरतं, तेव्हा आईला ऐकावंच लागतं. अण्णांनी ओळखलेली एवढी एकच शहाणपणाची गोष्ट, असं आई म्हणायची, पण ती खरोखरच शहाणपणाची होती.

बारवेचं काम गौरम्मांचं. आप्पासाहेबांकडून त्यांनी बाभळीचं लाकूड काढलं, सुताराकडून काठावर रहाट उभा करून घेतला आणि पायऱ्यांवर काट्यांचा कूप, म्हणजे कुंपण, घातला. सासऱ्यांनी बांधलेल्या पायऱ्या बंद करता, पाप लागेल, असं म्हातारी माणसं म्हणाली. “वर गेल्यावर मामंजींशी मी बघून घेईन,” गौरम्मा म्हणाल्या. नारूवाल्यांसाठी त्यांनी बारवेपासून दूर, उताराच्या बाजूला एक दगडी डोण ठेवली. फोडाची आग होणाऱ्या पोरांनी तिथं दगडावर बसायचं आणि गौरम्मा स्वतः तांब्या तांब्या पाणी त्यांच्या पायावर घालायच्या. शिव्या देत घालायच्या, पण आग शमेपर्यंत हात थांबायचा नाही.

गावाबाहेरच्या वस्तीचं काय झालं, ते मला झाकून ठेवायचं नाही. त्या लोकांना बारवेवर पाणी भरू देत नसत. ते ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी प्यायचे, आणि त्यांची दोन मुलं शाळेत ओसरीच्या टोकाला बसायची. गौरम्मांनी त्यांना बारव मोकळी करून दिली असं लिहिलं तर ते खोटं होईल. अण्णांनी एकदा विषय काढला आणि गाव काय म्हणेल ह्या भीतीनं स्वतःच गिळला, हेही खरं. पण तागा फाडताना त्या वस्तीच्या वाटणीची कापडं गौरम्मांनी वेगळी काढली आणि चांभाराच्या धोंडाबाईला बोलावून तिच्या ओंजळीत वरून टाकली. धोंडाबाई खमकी बाई होती. तिनं झऱ्याभोवती दगड रचून घेतले आणि कुणाचा पाय आत पडू दिला नाही. तिच्यापुढे कुणाला भाषण करावं लागलं नाही.

इथवर सगळं चांगलं झालं, आणि इथंच अण्णांची जीभ घसरली. ते सगळ्यांना सांगत सुटले, “पुढच्या वैशाखात उंबरदऱ्यात नारू दिसणार नाही.”

पुढची होळी झाली आणि नारू दिसले. मागच्यासारखेच दिसले. ज्या घरात वर्षभर दस्तीखेरीज थेंब प्यायला नव्हता त्या घरातही दिसले. शिवकांताच्या पायावर फोड आला तेव्हा गौरम्मांनी दुकान उघडलं नाही. नारू निघाला तो उजव्या पावलावर, डावा गुडघा वाचला होता, पण ते तेव्हा कुणाला सुचणार?

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या आणि ओली दस्ती अण्णांच्या टेबलावर ठेवली.

“मास्तर, मी तुमच्या शब्दावर सासऱ्याच्या पायऱ्या बंद केल्या,” त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “हिच्या पायात पुन्हा कसा आला ते मला सांगा. यंदा पावलात आला. फुडच्या साली गुडघ्यात आला, तर तुमी तिला जल्मभर खांद्यावर घेऊन फिरणार का?”

तोवर गावानं आपापलं उत्तर शोधलं होतं. कुणी दस्तीनं चूल पुसायला घेतली, कुणी रहाटाचा दोर सोडून बैलाला बांधला, कूप उपटून पोरं पुन्हा पायऱ्या उतरायला लागली. अण्णा भाकरीही न खाता रेणापूरच्या वाटेला लागले आणि शेषेरावांना शोधून, त्यांच्या तट्टाचा लगाम धरूनच परत आले.

शेषेरावांनी दुकानाच्या ओट्यावर बसून शिवकांताचं पाऊल पाहिलं. “पाणी गाळायला कधी लागलात?” त्यांनी विचारलं.

“गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीला,” अण्णांनी सांगितलं.

“मग हा त्याच्या आधी प्यायलेला. नारू पोटात गेल्यावर बाहेर पडायला वर्ष घेतो. मी मास्तरांना बोललो नव्हतो का?”

“नव्हतात,” अण्णा म्हणाले.

“नसेन बोललो,” शेषेराव म्हणाले.

अण्णा तिथंच ओट्यावर उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, की मी अर्धवट ऐकून पुरा शब्द दिला, चूक माझी आहे, दस्तीची नाही. त्यांचं हे सगळ्यात लहान भाषण. मला त्या दिवशी त्यांची लाज वाटली होती. आता वाटते ती लाज नव्हे.

गौरम्मा मात्र शेषेरावांकडेच बघत होत्या. “म्हंजे पेरलेलं उगवून राहिलंय,” त्या म्हणाल्या. “जे पडलं ते उगवणारच. आता नवीन पडू द्यायचं न्हाई, एवढंच आपल्या हातात.”

“हाव,” शेषेराव म्हणाले.

“आन् फुडच्या वैशाखाला कळंल.”

“फुडच्या वैशाखाला.”

आता तुम्ही विचार करा. एक वर्ष फुकट गेल्यासारखं झालेलं, गावाचा विश्वास उडालेला, आणि आणखी एक वर्ष आंधळ्यासारखं चालायचं. माझ्यासारखीनं सोडून दिलं असतं. गौरम्मांनी त्याच संध्याकाळी बैलाच्या गळ्यातला दोर सोडवून आणला. गावाची समजूत घालत बसायचा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी दुकानात नियम केला, की आधी दस्ती दाखवायची, मग मीठ मिळेल. दस्ती नाही तर मीठ नाही, गूळ नाही, चूल पेटवायला घासलेट नाही. लोक चिडले. आप्पासाहेब स्वतः जाब विचारायला गेले आणि दस्ती आणायला परत घरी गेले. मीठ आणायला रेणापूरपर्यंत कोण जाणार? शाळेत पुन्हा रोज सकाळी लाल दोरे दिसू लागले. कूप पुन्हा उभा राहिला आणि उन्हं चढली की गौरम्मा काठी घेऊन बारवेच्या तोंडाशी बसायला लागल्या.

संध्याकाळी त्या शिवकांताच्या गुडघ्याला करडईचं तेल चोळायच्या आणि तिला भिंत धरून चालवायच्या. ती किंचाळायची, ह्या तिच्यावर ओरडायच्या, आणि दोघींचा आवाज आमच्या घरी ऐकू यायचा. पावसाळा गेला, ज्वारीची सुगी झाली. संक्रांतीला शिवकांता वाण घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिनं भिंत धरली नव्हती आणि माझा खांदाही धरला नव्हता. पाय जवळजवळ सरळ झाला होता. आईनं तिची दृष्ट काढली. गौरम्मांनी मात्र कुणाला ‘बरी झाली’ असं म्हणू दिलं नाही.

होळी आली. गाव पाय तपासत बसला. एरवी होळीपासून सुरू होणारी कण्हाकण्ही कुठं ऐकू येईना. शाळा भरलेलीच. अण्णांना इतक्या मुलांना उन्हाळ्यात शिकवायची सवय नव्हती, त्यांचा घसा बसला. तरी कुणी मोठ्यानं काही बोलेना. बोललं तर नजर लागेल, अशी सगळ्यांच्या मनात धाकधूक. पाडव्याला शिवकांताला नव्या वहाणा आल्या. धोंडाबाईच्या नवऱ्यानं मुद्दाम मऊ कातडं घेऊन केलेल्या. पाय वाकल्यापासून तिला वहाणा कुणी केल्याच नव्हत्या, पाय धड टेकत नव्हता तर वहाणा कशाला?

आणि पाडवा होऊन थोडे दिवस झाले नाहीत, तोच तिच्या डाव्या घोट्याशी फोड आला.

मी तिथंच होते. गौरम्मांनी फोड पाहिला. त्या ओरडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. शिवकांताला उचलून डोणीपाशी नेलं, मांडीवर तिचा पाय घेतला आणि तांब्यानं पाणी सोडायला लागल्या. मी धावत अण्णांना आणि आईला बोलावून आणलं. गावातली माणसं एकेक करून येऊन लांब उभी राहिली. सगळ्यांना पाण्याखालून तो पांढरा दोरा डोकं काढताना बघायचा होता, आणि कुणालाच बघायचा नव्हता. अण्णा शेजारच्या बाभळीची फांदी धरून उभे होते, काटा तळव्यात शिरला तरी त्यांना कळलं नाही.

“आत्या,” शिवकांता म्हणाली.

“गप बस.”

फोड फुटला. नितळ पाणी आलं. गौरम्मांनी आणखी पाणी घातलं, आणखी घातलं, तांब्या रिकामा झाला तर मी भरून दिला. दोरा आला नाही. आई खाली वाकली, तिनं बोटानं फोडाच्या कडा चाचपल्या. खाली नुसतं लाल कातडं होतं.

“आत्या, वहाण चावती,” शिवकांता म्हणाली. “मी कवाची सांगून राहिले. हितं वादी घासते.”

आईनं डोणीपाशी काढून ठेवलेली डावी वहाण घोट्याला लावून पाहिली. वादीची गाठ नेमकी तिथंच येत होती. आई हसायला लागली आणि तिला थांबता येईना. आप्पासाहेबांनी पागोटं काढून घाम पुसला. अण्णा कधी नव्हे ते मला उराशी धरून उभे राहिले. मला एकदम भूक लागली, हे मला अजून आठवतं.

गौरम्मा हसल्या नाहीत. त्या उठल्या, दोन्ही वहाणा हातात घेतल्या आणि तरातरा वेशीकडे निघाल्या. आता धोंडाबाईच्या नवऱ्याची धडगत नाही, असं समजून आम्ही मागोमाग गेलो. त्याच्या घराच्या अंगणापाशी त्या थांबल्या. एरवी त्या वेशीच्या अलीकडूनच हाक मारायच्या. त्यांचा चेहरा पाहून तो माणूस हातातली आरी टाकून उभा राहिला.

“चुकलं माझं, अक्का,” तो म्हणाला. “गाठ आतून घातली मी. आत्ता सोडवून देतो. लेकराला लागलं का?”

“लागलं,” गौरम्मा म्हणाल्या. “फोड आला.”

धोंडाबाई बाहेर आली, बघत राहिली. आणि गौरम्मा, ज्यांनी तिच्या ओंजळीत कापडं वरून टाकली होती, त्या तिच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. वहाणा पोटाशी धरल्या आणि पदर तोंडात घालून हमसाहमशी रडायला लागल्या. धोंडाबाई घाबरून त्यांच्या शेजारी बसली, पण अंगाला हात लावावा की नाही ते तिला कळेना. तो गौरम्मांनीच ओढून घेतला.

“वहाणच चावली, धोंडे,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरीला नुसती वहाण चावली.”